पाठपोट : नीलिमा शेख यांचे दप्तर आणि त्यांची चित्रे

जयपूरच्या परकोट्याबाहेर, विसाव्या शतकाच्या मध्यास आखल्या गेलेल्या सी-स्कीम या वस्तीत राज्याचे सचिवालय आहे, जुने बंगले आहेत आणि पाहुण्यांसाठी मांडलेली चित्रांची व छापील कापडांची दुकानेही आहेत. जयपुरातील अशा दुकानांत चित्रांचा एक प्रकार हमखास मिळतो. जुन्या संस्थानी मुद्रांकाच्या कागदावर हत्ती, उंट, मोर किंवा पाणवठ्यावरची नायिका रंगवलेली असते आणि तिच्या घागऱ्याखालून कुणाच्या तरी गहाणखताची फिकट अक्षरे डोकावत असतात. ती अक्षरे कोणी वाचत नाही. कागद जुना आहे एवढीच हमी गिऱ्हाइकाला हवी असते, आणि चित्रही तेवढ्याच कामापुरते जुने असते. परंपरेचा हा एक उपयोग झाला. त्यात चित्रकाराचे कसब खरे असते आणि त्याची मजुरीही त्याला मिळते, म्हणून त्याला हिणवण्याचे कारण नाही. परंतु लघुचित्राच्या परंपरेला हेच एक भवितव्य उरले होते काय, हा प्रश्न १९७०नंतरच्या दशकात बडोद्यातील एका चित्रकर्तीसमोर उभा राहिला. तिने त्याला जे उत्तर दिले त्याच्या खुणा आता चित्रांबरोबर कागदपत्रांतही पाहता येतात.

नीलिमा शेख यांची कागदपत्रे हाँगकाँगच्या ‘एशिया आर्ट आर्काइव्ह’ या संस्थेने संगणकीय रूपात जतन केली आणि २०१८ साली ‘लाइन्स ऑफ फ्लाइट’ या नावाने त्यांवर आधारित प्रदर्शन आपल्या ग्रंथालयात मांडले. याच संस्थेने त्यापूर्वी बडोद्याच्या कलावर्तुळातील चौघांची दप्तरे जतन केली होती : के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, रतन परिमू आणि गुलाममोहम्मद शेख. चौघेही पुरुष, त्यांतील एक नीलिमाबाईंचे पती. कोणाचे कागद आधी ‘कागदपत्रे’ ठरतात आणि कोणाचे कागद घरातच राहतात, याविषयी या क्रमावरून जे समजायचे ते समजते. संस्थेला दोष देण्याचा हेतू येथे नाही. जगभरची दप्तरे याच क्रमाने भरत आलेली आहेत.

मराठी वाचकाला दप्तराचे अप्रूप वेगळे सांगायला नको. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून, वाण्यांच्या दुकानांतली आणि वाड्यांच्या माळ्यांवरची रद्दी चाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. पेशवे दप्तराचे निवडक खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली बाहेर पडले. कागदावाचून इतिहास नाही, ही निष्ठा त्या पिढीने आपल्याला दिली. पण त्या रुमालांत बाईचा कागद किती निघाला? ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले आणि विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले ते १९७५ साली. छापील पुस्तकाची ही गत, तर हस्तलिखिताची, वहीची, चिठ्ठीची काय असणार! म्हणूनच एखाद्या स्त्रीचे दप्तर उघडताना आपली समीक्षा काहीशी अधीर होते आणि अधीरपणी एकच गोष्ट शोधू लागते : कबुली. आत्मकथनांच्या मोठ्या परंपरेने आपल्याला ही सवय लावली आहे. बाईने लिहिलेला कागद म्हणजे तिच्या मनाचा कोंडमारा, असे समीकरण आपण नकळत मांडून बसलो आहोत.

नीलिमा शेख यांचे दप्तर ही अधीरता पुरवीत नाही. त्यात रेखाटने आहेत, प्रवासांतील छायाचित्रे आहेत, नाटकांच्या नेपथ्याचे आराखडे आहेत, इतर चित्रपरंपरांची टिपणे आहेत. या सामग्रीचा गाभा आत्मनिवेदनाचा नसून अभ्यासाचा आहे. रंग कशात कालवायचा, थर किती चढवायचे, कापड कसे ताणायचे, कागद कशाने घोटायचा, अशा गोष्टींचे हे दप्तर. पहिल्या भेटीत ते निरस वाटण्याचा संभव आहे. चित्रकर्तीच्या स्त्रीवादाचा शोध घेणाऱ्याला तर हे सारे बाजूला सारून पुढे जावेसे वाटेल. तसे केल्यास मुख्य गोष्टच हातची जाईल, कारण या कलावंताचा स्त्रीवाद प्रथम दिसतो तो तिने कोणाला गुरू मानले आणि कोणते ज्ञान टिपून ठेवण्याजोगे मानले, यातच.

नीलिमा शेख यांचा जन्म १९४५चा, दिल्लीचा. दिल्ली विद्यापीठात त्यांनी इतिहासाचे शिक्षण घेतले आणि नंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली चित्रकलेची पदव्युत्तर पदवी मिळवली. १९७७ ते १९८१ या काळात तेथेच अध्यापनही केले. इतिहासाकडून चित्राकडे आलेली ही व्यक्ती आहे, हे त्यांची चित्रे पाहताना विसरून चालत नाही. बडोदा हे मराठी माणसाला परके शहर नाही. गायकवाडांच्या या राजधानीत कीर्तिमंदिराच्या भिंतीवर नंदलाल बोस यांनी चित्रे रंगवली आणि विद्यापीठाच्या ललितकला विभागाची घडण होत असताना ना. श्री. बेंद्रे यांनी तेथे चित्रकला शिकवली. त्याच विभागात सुब्रमण्यन यांनी कारागिरी आणि कला यांच्यामधली भिंत पाडण्याचा आग्रह धरला. त्यांचे ‘द लिव्हिंग ट्रॅडिशन’ हे पुस्तक १९८७ साली आले, पण तो विचार त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गात त्याआधीच आत्मसात केला होता. नीलिमाबाई त्यांपैकीच एक.

तैलरंग आणि ताणलेले कॅनव्हास यांचे वजन त्या काळी मोठे होते. चित्रकार म्हणवून घ्यायचे तर मोठ्या फलकाशी झुंज घ्यायची, अशी एक पुरुषी वीरकथा आधुनिक कलेने रचली होती. नीलिमाबाईंनी ती नाकारली. त्या वसलीकडे वळल्या. कागदाचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून आणि दगडाने घोटून तयार होणारी ही वसली राजस्थानी व मुघल लघुचित्रांची भूमी. टेम्परा हे त्यांचे माध्यम. या वळणाला घोकंपट्टीची, नक्कल करण्याची, बारीक कामात डोळे घालवण्याची बदनामी चिकटलेली होती. भरतकाम करणाऱ्या बाईला जे ऐकावे लागते तेच. १९८०च्या दशकात त्यांनी नाथद्वाऱ्याच्या पिछवाईच्या परंपरेचा जवळून अभ्यास केला. श्रीनाथजींच्या मूर्तीमागे ऋतूंप्रमाणे आणि उत्सवांप्रमाणे बदलणारे हे रंगवलेले पडदे पिढीजात चितारी घराण्यांत तयार होतात, आणि त्यांची विद्या पुस्तकात नसून हातात असते. हाताची विद्या कागदावर उतरवणे हे काम करणाऱ्याला लवकरच कळते की आपण ज्याला ‘तंत्र’ म्हणतो त्यात काळाची, श्रमाची, संयमाची एक संपूर्ण दृष्टी दडलेली असते. हेच काम आपल्याकडे एका वेगळ्या क्षेत्रात चालू होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी मावळातील व अन्य भागांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. तो संग्रह पुढे लाखाच्यावर गेला. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तिने गायलेला पाठ यांना सारखेच महत्त्व देणारी ती पद्धत होती. चित्रकर्तीची टिपणे आणि ओव्यांचा हा संग्रह यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण दोहोंच्या मुळाशी असलेली शंका एकच दिसते : ज्याला आपण साहित्य किंवा कला म्हणून जपले, त्याच्या व्याख्येतच कोणी तरी वगळले गेले आहे.

या अभ्यासाचे फळ म्हणजे १९८४च्या सुमारास रंगवलेली ‘व्हेन चंपा ग्रू अप’ ही बारा लहान चित्रांची मालिका. चंपा ही कल्पित नायिका नव्हे. चित्रकर्तीच्या ओळखीतील एका मुलीचे लहान वयात लग्न झाले आणि सासरी तिला जाळण्यात आले. ही गोष्ट त्यांनी खेळत्या मुलीपासून लग्न, सासर, छळ आणि शोक या टप्प्यांनी सुट्या पानांवर मांडली. मराठी वाचकाला तो काळ आठवत असेल. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ रस्त्यारस्त्यांवर नेले. त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेत विवाहितेच्या छळाचे ४९८-अ हे कलम आले आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब. वृत्तपत्रांत ‘स्टोव्हचा भडका’ हा शब्दप्रयोग इतका रुळला होता की, तो वाचून कोणी थांबत नसे.

नाटकाने आणि मोर्च्याने त्या शब्दप्रयोगाला घोषणेने उत्तर दिले. चंपाची मालिका घोषणा देत नाही. हातात धरून पाहावीत एवढ्या आकाराची ही पाने आहेत. ती पाहायची तर पोथीसारखे जवळ जावे लागते. नायक-नायिकांच्या शृंगाराची, बारमास्याची, रागमालेची जी भाषा लघुचित्राने शतकानुशतके घडवली, त्याच भाषेत ही हत्या सांगितली आहे. पडवी, झाडे आणि झोपाळा यांचे ते सुंदर आवार, ज्यात नायिका प्रियकराची वाट पाहत असे, त्याच आवारात आता तिला घेरले जाते. रंगांची कोवळीक शेवटपर्यंत सुटत नाही. काही जणांना हाच दोष वाटतो : एवढी क्रूर गोष्ट इतक्या गोड रंगांत का? हा आक्षेप हलका नाही, आणि तो टाळून या चित्रांचे मोल ठरवता येणार नाही. परंतु आक्षेप घेणारे गृहीत धरतात की क्रौर्य नेहमी कुरूप घरातच घडते. चंपाची मालिका सांगते ते याहून अस्वस्थ करणारे आहे. ज्या सौंदर्याच्या भाषेत मुलीला वाढवले, सजवले, बोहल्यावर चढवले, ती भाषा तिच्या मरणापर्यंत तिच्यासोबत अखंड चालत राहते, आणि तिला वाचवत नाही. लघुचित्राची परंपरा या मालिकेत स्वतःविरुद्ध साक्ष देते. ही साक्ष बाहेरून उसन्या आणलेल्या शैलीत देता आली नसती. त्यासाठी वसली घोटण्यापासून सुरुवात करावी लागली.

या मालिकेनंतर तीन वर्षांनी राजस्थानातच एका तरुण विधवेला चितेवर चढवण्यात आले. ४ सप्टेंबर १९८७, गाव देवराला, जिल्हा सीकर. गावातल्या गौरवसोहळ्याला न्यायालयाची मनाई असतानाही गर्दी लोटली. त्यानंतरच्या महिन्यात स्त्रियांच्या संघटना जयपूरच्या रस्त्यांवर उतरल्या, आणि सतीचे समर्थन करणाऱ्यांनीही त्याच शहरात शक्तिप्रदर्शन केले. परंपरा हा शब्द त्या आठवड्यांत जयपुरात शस्त्रासारखा वापरला गेला. राजस्थानातील या घटनांचा सुदेश वैद यांच्यासह अभ्यास करणाऱ्या आणि त्यांच्यासमवेत ‘रीकास्टिंग विमेन’ हा ग्रंथ १९८९ साली संपादित करणाऱ्या कुमकुम संगारी यांनीच पुढे २०१३ साली नीलिमा शेख यांच्यावरील ‘ट्रेस रीट्रेस’ हा ग्रंथ सिद्ध केला, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. विधवादहनामागच्या श्रद्धा आणि संस्था तपासणाऱ्या अभ्यासकाला नीलिमाबाईंच्या चित्रांत काय सापडले असेल? परंपरेचे दोन भाग करून चांगला तेवढा घ्यावा, असा सोपा विवेक तेथे नाही. चित्रकर्ती परंपरा सगळीच्या सगळी उचलते, आणि तिच्यातल्या गप्प बसवलेल्या बाईला जागा मोकळी करून देते.

याच काळात मराठीत देशीवादाची चर्चा ऐन भरात होती. भालचंद्र नेमाडे यांचे ‘साहित्यातील देशीयता’विषयीचे प्रतिपादन अनेकांना मुक्तिदायी वाटले. पाश्चात्त्य आधुनिकतेचे ओझे झुगारून आपल्या मातीतले वाण जोपासण्याची ती हाक होती. नीलिमा शेख यांचा वसलीकडे जाणारा मार्ग वरवर त्याच दिशेचा दिसतो, म्हणून फरक नोंदवणे अगत्याचे आहे. १९९० साली त्या चीनमधील डुन्हुआंगच्या गुंफा पाहायला गेल्या. सिएनाच्या चौदाव्या शतकातील चित्रांशी, जपानी ठशांशी, इराणी पोथ्यांशी त्यांचे नाते राजस्थानी चित्रांइतकेच घट्ट आहे. त्यांच्या लेखी परंपरा म्हणजे वाड्याचे कुंपण नव्हे, तो व्यापारी तांड्यांचा मार्ग आहे. एका मुक्कामाची रेघ दुसऱ्या मुक्कामी वेगळ्या हातात जाते. देशीयतेच्या आपल्या चर्चेत स्त्रीची जागा कोणती, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. बाई तर लग्नानंतर गाव सोडूनच जाते. तिची मुळे कोणत्या मातीत धरायची? तिच्या बाजूने पाहिले तर परंपरा ही वाहून नेण्याची वस्तू ठरते. पुढे २०१७च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनातील मोठ्या रचनेला त्यांनी दिलेल्या ‘टेरेन : कॅरिंग अक्रॉस, लीव्हिंग बिहाइंड’ या नावातही पलीकडे नेणे आणि मागे सोडणे या दोन्ही क्रिया शेजारी शेजारी आहेत.

१९८७ ते १९८९ या काळात नलिनी मलानी, अर्पिता सिंग, माधवी पारेख आणि नीलिमा शेख या चौघींचे ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन देशातील शहरांतून फिरले. त्याचा गाजावाजा पुष्कळ झालेला असल्याने येथे विस्तार नको. एवढेच म्हणावे की या चौघींत साम्यापेक्षा भेद अधिक होते. नलिनी मलानी यांची रेषा जखम उघडी करते. नीलिमा शेख यांची रेषा जखमेवरून हात फिरवते आणि त्या स्पर्शातूनच ती किती खोल आहे हे कळते.

दप्तरातील सर्वांत आनंददायी भाग रंगभूमीशी संबंधित आहे. अनुराधा कपूर यांच्यासह काही स्त्री-पुरुष कलावंतांनी दिल्लीत ‘विवादी’ हा गट काढला. गीतांजली श्री यांनी लिहिलेल्या ‘उमराव’ या १९९३च्या नाटकासाठी नीलिमा शेख यांनी पडदे रंगवले. मराठी प्रेक्षकाला रंगवलेल्या पडद्याचे वैभव ठाऊक आहे. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटकांसाठी केलेल्या पडद्यांच्या आठवणी जुनी मंडळी अजून सांगतात. पण त्या पडद्यावर राजवाडा असे आणि नट त्याच्यासमोर उभा राही. ‘उमराव’मधला पडदा नटीच्या पाठीशी नुसता उभा राहत नाही, तो तिच्या आठवणींसारखा मागेपुढे होतो. येथून चित्रकर्तीच्या कामाचे परिमाणच बदलले. पोथीच्या पानावर वाकलेली नजर आता माणसाच्या उंचीहून मोठ्या लोंबत्या पटांकडे वळली. १९९५चे ‘साँगस्पेस’ आणि १९९६ साली ब्रिस्बेनच्या आशिया-प्रशांत त्रैवार्षिकीत मांडलेला ‘शामियाना’ या त्या नव्या उंचीच्या कृती. शामियान्याखाली प्रेक्षक शिरतो आणि चारी बाजूंनी प्रवास, प्रेम, ताटातूट यांच्या आकृती त्याला वेढतात. लग्नमांडवाची आणि प्रवासी तंबूची स्मृती एकाच छताखाली आणण्याची ही कल्पना साधी आहे, आणि म्हणूनच तिचा परिणाम टिकतो. मुंबईच्या विमानतळावरच्या ‘कन्जॉइनिंग लँड्स’ या भव्य चित्रापुढून रोज हजारो प्रवासी सामान ओढत जातात. त्यांपैकी किती जण थांबतात हा वेगळा प्रश्न.

त्यानंतरचे काश्मीर. बालपणीच्या उन्हाळ्यांतून ओळखीचा झालेला तो प्रदेश २००० नंतर त्यांच्या चित्रांत पुन्हा आला तो उद्ध्वस्त होऊन. ‘ईच नाइट पुट काश्मीर इन युवर ड्रीम्स’ या पटमालिकेला आगा शाहिद अली यांच्या कवितेतून नाव मिळाले. २०१४ साली ती शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मांडली गेली. केसीनच्या टेम्परात रंगवलेल्या या लोंबत्या पटांवर मथुरेच्या सांझी कारागिरांच्या पद्धतीने कातरलेल्या साच्यांतून आकृतिबंध उमटवलेले आहेत. पटांच्या पाठीवर मजकूर आहे. लल्लेश्वरीपासून आगा शाहिद अलींपर्यंतचे शब्द तेथे एकमेकांशेजारी येतात. म्हणजे येथे चित्रानेच दप्तराचे रूप घेतले आहे.

या ठिकाणी थोडे थांबून मतभेद नोंदवणे आवश्यक वाटते. चंपाच्या मालिकेत परंपरेची भाषा आणि घटना यांच्यात जो ताण होता, तो काश्मीरच्या काही पटांवर सैल पडतो. उद्धृते इतकी आणि इतक्या अधिकाराची आहेत की, प्रेक्षक त्यांच्या आधाराने चित्र वाचू लागतो. रंगाला स्वतःहून बोलायला उसंत मिळत नाही. शोकाला इतक्या पूर्वसूरींची साक्ष लागावी काय? चंपाला एकाही कवीची साक्ष लागली नव्हती. उलट बाजूने असेही म्हणता येईल की, चंपा ही एक मुलगी होती आणि काश्मीर हा अनेकांच्या हक्काचा, अनेकांच्या शोकाचा विषय आहे. तेथे एकट्या चित्रकर्तीने आपल्याच आवाजात बोलणे हे उद्धटपणाचे ठरले असते. दुसऱ्यांचे शब्द पाठीवर वाहणे ही तेथे नम्रता आहे. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात. पण जेथे पट उत्कृष्ट उतरला आहे, तेथे मजकूर न वाचताही दुःख पोचते, हेही खरे. २०१८च्या कोची द्वैवार्षिकीत मांडलेल्या ‘सलाम चेची’मध्ये केरळच्या परिचारिकांकडे वळताना त्यांनी पुन्हा श्रम करणाऱ्या बाईच्या हालचालीवर भिस्त ठेवली, आणि ते वळण योग्य वाटते.

दप्तर जतन झाल्यामुळे एक धोकाही उद्भवतो. टिपणे, आराखडे आणि छायाचित्रे हाताशी आली की, अभ्यासक चित्राला त्यांचे फलित समजू लागतो. अमुक प्रवास, म्हणून अमुक पट. आपल्याकडे कवीच्या वह्या मिळाल्यावर त्याच्या कवितांची जी दुर्दशा होते, तीच येथे होऊ शकते. नीलिमा शेख यांच्या बाबतीत टिपण आणि चित्र यांचे नाते कारण आणि कार्य असे नाही. नाथद्वाऱ्यात टिपलेली कृती पंधरा-वीस वर्षांनी, कोणत्या तरी वेगळ्याच पटात, काश्मीरच्या एखाद्या बागेच्या काठावर उमटते. हाताची विद्या हातात राहते. कागदावर तिची केवळ नोंद असते.

काश्मीरचे पट भिंतीला टेकवलेले नसतात. ते छतापासून मोकळे सोडलेले असतात, आणि मजकूर वाचायचा तर चित्राला वळसा घालून त्याच्या मागे जावे लागते. तसे जाताना समोरचे चित्र दृष्टिआड होते, पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या प्रेक्षकाची सावली कापडावर पडते, आणि पुन्हा पुढे आल्यावर ज्या बागेत आधी नुसती फुले दिसली होती तेथे एक बसलेली बाई दिसू लागते. संगणकाच्या पडद्यावर हेच पट दोन वेगळ्या छायाचित्रांत येतात : एक पुढची बाजू, एक मागची.